आधी खुर्चीतून उठायला सांग

प्रिय मैत्रिणी,

नुकत्याच निवृत्त झालेल्या बारा जणांचा गट तुझ्याकडे येतो आहे आणि त्यासाठी केलेला आराखडा तू पाठवलास. दहा मिनिटं अठरा प्रकारांनी हातपाय मोकळे करणं, अर्धा तास चालणं, शेवटी शब्दकोडं आणि गप्पा. वाईट काहीच नाही त्यात, मंडळी खूशही होतील. पण या तासाभरात भार कुठेच नाही. आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी माणसाच्या आयुष्यातून जातो तो भारच. जिने चढणं, बॅग उचलणं, वेळेत पोचायची घाई, नवा नियम समजून घेणं, न पटणाऱ्या माणसाशी वाद घालणं, हे सगळं एका तारखेला थांबतं. आराम मिळतो तेव्हा छान वाटतं, म्हणून काही कमी होतंय हे बरेच महिने लक्षातही येत नाही.

चालण्यावर तुझा फार भरवसा दिसतो, म्हणून तिथूनच सुरू करते. रोज 10,000 पावलांचा आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता. चालणं हृदयाला आणि फुप्फुसांना चांगलंच, ते ठेवच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शनात आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगितले आहेत. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतकी धाप. नाडी मोजत बसू नकोस. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रम करूनही फारशी वाढत नाही आणि तुझा नाडीचा तक्ता चुकतो. पण त्याच मार्गदर्शनात पासष्टीनंतरच्या लोकांसाठी पुढे आणखी दोन गोष्टी आहेत, त्या कोणी वाचत नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोलाचे. सपाट रस्त्यावर चालून मांड्यांची ताकद वाढत नाही, आणि उठणं, बसणं, जिना उतरणं, अडखळल्यावर सावरणं हे सगळं मांड्यांच्याच जिवावर चालतं.

म्हणून पहिल्या दिवशी व्यायाम नको, मोजणी कर. बैठक जमिनीपासून साधारण 43 सेंटीमीटर उंच असलेली, चाकं नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. हात छातीवर दुमडलेले, पावलं जमिनीवर सपाट. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोज. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त वर आलेलं असेल तर ते धर. हातांनी ढकलून उठावं लागलं तर नोंद शून्य, त्यात भीडभाड नको. 60 ते 64 वयात पुरुषांचा आकडा 14च्या आत आणि बायकांचा 12च्या आत, 65 ते 69 वयात 12 आणि 11च्या आत आला, तर तो सरासरीहून कमी आणि पडण्याची जोखीम जास्त असं समजतात. आकडा ज्याचा त्याला खासगीत सांग. गटासमोर वाचून दाखवलास तर दोघेतिघे दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.

हीच चाचणी पुढे तुझा मुख्य व्यायाम. बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत कमरेतून पुढे वाकायचं आणि मग उठायचं. बहुतेकांना उठता येत नाही ते ताकद नाही म्हणून नव्हे, तर पावलं फार पुढे ठेवून सरळ वर जायला बघतात म्हणून. ही एक चूक सुधारली की पहिल्याच दिवशी आकडा वाढतो. ती ताकद नव्हे, हे मात्र तू विसरू नकोस. गुडघे आत वळत असतील तर ते बाहेर ढकलायला सांग. उठायचं जोरात, बसायचं मनात चार मोजत. शेवटच्या वीतभर अंतरात खुर्चीत धपकन पडणं ही सगळ्यात जुनी खोड, आणि पायांचं खरं काम त्या वीतभरातच असतं. उठताना वेग का, तर वयाबरोबर ताकदीपेक्षाही वेगानं ताकद लावायची क्षमता लवकर उतरते, आणि अडखळल्यावर सावरायला अर्धा सेकंदही हातात नसतो.

सुरुवात सलग आठ ते दहा वेळा उठण्याचे दोन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस मोकळा. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट. सेट थांबवायचा तो ‘अजून दोनच जमले असते’ असं वाटेल तेव्हा. ‘अजून दहा जमले असते’ असं कोणी म्हणालं तर तो व्यायाम झाला नाही, नुसती हालचाल झाली. सलग दोन वेळा पंधराचे तीन सेट सहज झाले, तर छातीशी दोन किलोची पिशवी धरायला दे आणि पुन्हा आठवर ये. ज्याला एकदाही उठता येत नाही त्याच्या बैठकीवर घडी घातलेलं जाड पांघरूण ठेव. पाच सेंटीमीटर उंची वाढली तरी फरक पडतो. मग दर पंधरा दिवसांनी एकेक घडी कमी करत जा.

याच्या जोडीला भिंतीवर हात टेकून दंड, टाचा उचलणं, लवचीक पट्टी छातीकडे ओढणं आणि जमिनीवरची पिशवी पाठ सरळ ठेवून उचलणं. एवढं पुरे. तुझ्या यादीतले अठरा प्रकार काढून टाक.

या वयात एवढा भार झेपेल का, ही शंका तुझ्या पत्रात दोनदा आली आहे. 1990 साली मारिया फिआटारोन आणि सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या वृद्धाश्रमातल्या, सरासरी 90 वर्षं वयाच्या दहा अशक्त माणसांना आठ आठवडे चांगलं वजन उचलायला लावलं. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. तुझे लोक साठीतले आहेत.

झेपत नाही ते वेगळ्या कारणांनी. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झटक्यात चढतो, म्हणून उठताना मोठ्यानं आकडा म्हणायला लाव. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, चिमटल्यासारख्या दुखणं चालेल. सांध्यात टोचणारी कळ, सूज, किंवा दोन तासांनंतरही वाढतच जाणारं दुखणं चालणार नाही. तेव्हा भार निम्मा कर, व्यायाम बंद करू नकोस. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आडवं पडून एकदम उठवलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी अर्धा मिनिट बसवायचं, मग उभं करायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा उपाशीपोटी येत नाही ना, हे दारातच विचार. मणक्याचं हाड पूर्वी ठिसूळपणामुळे मोडलेलं असेल तर पुढे वाकून वजन उचलणं वर्ज्य. हृदयविकाराचा झटका, शस्त्रक्रिया किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांची लेखी परवानगी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, एका बाजूची शक्ती जाणं यांपैकी काहीही दिसलं तर ‘थोडं पाणी प्या’ म्हणत वेळ घालवू नकोस. सरळ रुग्णवाहिका.

तोलासाठी ओट्याचा किंवा जड टेबलाचा आधार हाताशी ठेव. पावलं जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून एका रेषेत, मग एका पायावर. प्रत्येक पायरीवर दहा सेकंद. एका रेषेत दहा सेकंद उभं राहता येत नसेल त्याला तू एकटीनं सांभाळायचा हट्ट धरू नकोस, फिजिओथेरपिस्टकडे पाठव. दहा सेकंद सहज जमले की डोकं हळूहळू डावी-उजवीकडे वळवायला सांग, मग शंभरातून तीन-तीन वजा करत उलटे आकडे. चालताना बोलायला लागलं की थबकणारी वृद्ध माणसं पुढे जास्त पडतात, असं 1997 सालच्या एका स्वीडिश अभ्यासात दिसलं होतं. पाय आणि डोकं एकाच वेळी चालवायचा सराव म्हणूनच हवा, पण बंद जागेत, रहदारीत नव्हे.

आणि जमिनीवरून उठणं शिकव. हे कोणी शिकवत नाही आणि मला त्याचा राग येतो. पडल्यावर इजा झालेली नसतानाही केवळ उठता न आल्यामुळे माणसं तासन्‌तास जमिनीवर राहतात. आधी कुशीवर वळायचं, कोपरावर भार घेऊन अर्धवट उठायचं, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, धडधाकट पाय पुढे टेकवायचा, हातापायांनी मिळून ढकलायचं आणि वळून बसायचं. गुडघ्याखाली जाड चटई घाल. महिन्यातून दोनदा पुरे.

आता डोक्याबद्दल. शब्दकोडं सोडवत राहिलं की माणूस शब्दकोड्यांत तरबेज होतो. 1998 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 2,800हून अधिक वृद्धांवरच्या ‘ॲक्टिव्ह’ या मोठ्या चाचणीत ज्याचा सराव दिला तेच मुख्यतः सुधारलेलं दिसलं. स्मरणशक्तीच्या सरावानं विचार करण्याचा वेग वाढला नाही. उलट मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांच्या 2014 सालच्या अभ्यासात साठीपुढच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडीसारखं शिवणकाम पहिल्यापासून शिकवलं, तेव्हा घटना लक्षात ठेवायची क्षमता सुधारली. नुसत्या गप्पा आणि सहलींच्या गटात तेवढी सुधारणा नव्हती. म्हणजे इथेही भारच. काम नवं हवं, जरा अवघड हवं आणि वाढत जाणारं हवं.

आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसानं निवृत्तीनंतर एखाद्या संस्थेचे हिशेब बघणं हे उपयोगी काम आहे, समाधानही देतं, पण त्याच्या डोक्याला त्यात चढ नाही. त्याला तबला शिकू दे, अनोळखी लिपी शिकू दे, रेडिओ दुरुस्त करू दे. निवडताना तीन प्रश्न विचार: चूक झाली तर लगेच कळते का? कोणीतरी तुमची वाट बघत बसणार आहे का? अमुक तारखेला काही सादर करायचं आहे का? तिन्हींना ‘नाही’ आलं तर छंद महिन्याभरात कपाटात जातो. रोज 45 मिनिटं, ती सकाळी, ताजेपणी. दर पाच-सहा प्रयत्नांत एक चुकत असेल तर पातळी योग्य. चुकतच नसेल तर पुढचा धडा. हा माझा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

सुरुवातीच्या उत्साहावर जाऊ नकोस. निवृत्तीचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट ॲचली या समाजशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकातच लिहून ठेवलं आहे की आधी नवलाईचे दिवस येतात आणि मग बऱ्याच जणांना भ्रमनिरास गाठतो. म्हणून आठवड्यातल्या तीन गोष्टींना वार आणि वेळ ठरवून दे, बाकी दिवस मोकळे राहू देत. उठायची वेळ मात्र रोज तीच. दुपारची डुलकी तीन वाजायच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत, नाहीतर रात्रीची झोप मोडते आणि सकाळचा वर्ग बुडतो.

गटात कोणी गप्प बसू लागला तर स्वभाव म्हणून सोडू नकोस, आधी ऐकू येतं का ते बघ. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली, त्यांत ऐकू कमी येणं आहे आणि उपचार न केलेली अधू नजरही आहे. ऐकू न येणारा माणूस आधी हसून वेळ मारून नेतो, मग यायचाच थांबतो. कान ठीक असूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो वयाचा भाग नाही, डॉक्टरांचा विषय आहे.

एक बोलण्यातलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला ‘आजोबा’ म्हणू नकोस, आणि ‘व्वा, किती छान उठलात!’ असं लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच नको. मागच्या वेळी नऊ झाले होते, आज अकरा झाले, एवढं सांग. ते त्यांना पुरतं.

वहीत प्रत्येकाचं एक पान कर: तारीख, खुर्चीचा आकडा, धरलेलं वजन, काय दुखलं. चाचणी दर सहा आठवड्यांनी. आणि गैरहजेरीची खूण लाल शाईनं. सरासरी 67 वर्षं वयाच्या निरोगी माणसांना प्रयोगासाठी केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर वस्तुमान गेलं होतं. तेव्हा सलग दोन वर्ग चुकले की तू फोन कर. ताप येऊन गेला असेल तर परत आल्यावर वजन नाही, सेट एक, तोही आठचा, आणि दर वर्गाला थोडं थोडं वाढवत जुन्या आकड्यावर यायला दोन ते तीन आठवडे दे. ते स्वतः पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलायला बघतील. पिशवी तू आधीच रिकामी करून ठेव.

तुझी,
ताई