वाचकांचे प्रश्न : ‘दिवाळीपर्यंत घर खाली करा’

प्रश्न : वकीलकाकू, नमस्कार. मी मालवणात धुरीवाड्यात ११ वर्षं भाड्याने राहते. दोन खोल्या, मागे पडवी, न्हाणी बाहेर. एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, पगार १६ हजार. घरात सासूबाई आणि दहावीतली मुलगी. भाडं साडेतीन हजारांपासून वाढत पाच हजारांवर आलं. कागद कधीच केला नाही. पहिली सात वर्षं रोख दिलं, नंतर मोबाइलवरून. गेल्या महिन्यात घरमालक येऊन सांगून गेले, “दिवाळीपासून पर्यटक ठेवूचे आसत. तोपर्यंत घर खाली करा, नायतर नऊ हजार द्या.” दुसरं घर बघत फिरतेय, तर जिथे जावं तिथे होमस्टेच करायचा आहे. माझा भाचा कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. तो म्हणतो, तिकडे ठरावीक टक्क्यांच्या वर भाडं वाढवताच येत नाही. आपल्याकडे असा कायदा का नाही? आणि दिवाळीला आम्ही तिघी रस्त्यावर येणार का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यानेच तुमची झोप उडाली असणार. नाही. कुणी दारात येऊन तोंडी सांगितलं म्हणून घर खाली करावं लागत नाही. ११ वर्षं भाडं भरून राहणाऱ्याला बाहेर काढायचं तर मालकाने न्यायालयात जायचं असतं. तुम्ही ड्युटीवर असताना कुणी कुलूप बदललं, सामान खळ्यात काढून ठेवलं, तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कुणाची हे बघितलं जात नाही. ताबा कुणाचा होता आणि तो कायद्याच्या वाटेने घेतला का, एवढंच बघतात.

आता कायदा. तो आपल्याकडे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. त्याच्या परिशिष्टांत ज्या क्षेत्रांची नावं आहेत तिथेच तो चालतो, म्हणून तालुक्याच्या न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडून तुमच्या जागेची नोंद पहिल्यांदा बघून घ्या. तो लागू असेल तर कलम ११ प्रमाणे मालकाला भाडं वर्षाला ४ टक्के वाढवण्याचा हक्क आहे. तुमच्या पाच हजारांचे ५,२०० होतील. नऊ हजार होत नाहीत. पाणी किंवा वीज तोडून तुम्हाला जेरीला आणणं हे कलम २९ च्या विरुद्ध आहे. कलम ३१ प्रमाणे भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. आणि कागद नाही म्हणून तुम्ही घाबरता, तर कलम ५५ वाचून घ्या : करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. कागद न केल्याचा दोष तुमच्या माथी येत नाही.

या आठवड्यात एवढं करा. मोबाइलवरून दिलेल्या भाड्याचा चार वर्षांचा उतारा बँकेतून काढा. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, मुलीच्या शाळेचा दाखला, जिथे जिथे हा पत्ता आहे ते एका पिशवीत ठेवा. भाडं एक दिवसही थांबवू नका. मालकाने घेतलं नाही तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पोच जपा. थकबाकीसाठी दावा लावायचा झाला तरी मालकाला आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, पण ती वेळच येऊ देऊ नका. माझ्या वकिलीत चांगल्या बाजूची माणसं रागाच्या भरात भाडं बंद करून हरलेली मी पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी गरज आहे असं तो सिद्ध करू शकला तर कलम १६ खाली तो ताबा मागू शकतो. तेव्हा न्यायाधीश दोघांची अडचण शेजारी ठेवून बघतात : घर मिळालं नाही तर मालकाचं किती अडेल, आणि गेलं तर तुमचं किती. तिथे सासूबाईंचं वय, मुलीची दहावी, तुम्ही घर शोधत किती ठिकाणी फिरलात, हे सगळं मोजलं जातं. कुठे कुठे विचारलंत त्याची तारखेनिशी वही आजपासून ठेवा.

तुमचा भाचा सांगतो ते खरं आहे. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला : महागाईचा दर अधिक ५ टक्के, आणि काही झालं तरी १० टक्क्यांच्या वर वाढ नाही. पण १५ वर्षांच्या आत बांधलेल्या इमारती त्यातून वगळल्या आहेत, आणि भाडेकरू आपणहून गेला की पुढच्याला मालक हवं ते भाडं सांगू शकतो. म्हणजे आत बसलेला सुरक्षित, दारात उभा असलेला नाही. २०२४ च्या मोजणीत त्या एका राज्यात १ लाख ८० हजारांहून जास्त माणसं बेघर निघाली. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये छोट्या जुन्या इमारतींना भाड्याची मर्यादा लावली होती. स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा पुढे अभ्यास केला. तिथले भाडेकरू आपल्या घरात जास्त वर्षं टिकले, हे चांगलं झालं. पण मालकांनी भाड्याची घरं १५ टक्क्यांनी कमी केली. धुरीवाड्यात तुम्हाला जे ऐकू येतंय, त्याचीच ही लांबची बहीण.

मी ही दोन्ही टोकं घरात पाहिली. माझे वडील वेंगुर्ल्याहून मुंबईला गेले, गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गावचे सहा जण राहत. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर थांबवली होती. ते अठरा रुपये भाडं नसतं तर गिरणीच्या पगारात वडील मुंबईत टिकले नसते आणि मी शिकले नसते. पण त्याच अठरा रुपयांत मालकाने जिन्याला कधी खिळा मारला नाही. जिना टेकूवर होता, आणि एका पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आजी त्यावरून पडल्या त्या उठल्याच नाहीत. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठलेली भाडी अवाजवी ठरवली. त्यानंतरच आजचा कायदा आणि त्यातली ही ४ टक्के वाढ आली. मर्यादा हवीच, ताई. पण भाड्याने द्यायला घरंच निघाली नाहीत तर तिचा उपयोग तुमच्यासारख्या शोधणाऱ्याला होत नाही.

आणि रस्त्यावर येण्याबद्दल. आपल्याकडे माणूस सहसा फुटपाथवर झोपत नाही, भावाच्या पडवीत झोपतो. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले. त्यात पडवीतला माणूस नाही, कारण त्याच्या डोक्यावर कौलं आहेत. माझी एक अशील तीन पावसाळे भावाच्या घरी पडवीत पडदा लावून मुलासह राहिली. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळायची, म्हणजे वहिनीला दिसू नये. तिला कुणीच बेघर म्हणालं नाही. मी म्हणते.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो. चिपळुणात आमचं चिऱ्याचं घर आहे, बाजारपेठेपेक्षा उंचावर. गणपतीला आठ दिवस उघडतं, एरवी कुलूप. जुलै २०२१ च्या पुरात ओळखीच्या एका शिक्षकांनी भाड्याने मागितलं होतं. ‘भाडेकरू घुसला की निघत नाही’ या भीतीने मी नाही म्हटलं, आणि ते अजून मनाला लागून आहे. आता द्यावं का? घर तीन भावांचं आहे.

उत्तर : द्या. तुमच्या भीतीवर उपाय वर सांगितलेल्या भाडे नियंत्रण कायद्यातच आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा, करार लेखी करून नोंदवा. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा असा करार कलम २४ खाली निर्णायक पुरावा मानतात. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि राहिलेल्या दिवसांचे दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवायची पाळी येत नाही. नोटरी केलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हाही आपल्या राज्यात चुकीचा समज आहे. नोंदणी आता ऑनलाइन घरबसल्या होते.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. माणसं गेली, घरं राहिली, आणि बदलून आलेले शिक्षक, नर्स, एसटीचे वाहक खोली शोधत फिरतात. कौलारू घराला रोज चूल पेटलेली हवी असते. बंद घरात वाळवी वासे आधी धरते, आणि तीन पावसाळ्यांनी कोन बसायला लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

करार करताना तिघा भावांच्या सह्या घ्या किंवा दोघांकडून तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या. एकट्याच्या सहीने दिलेल्या सामायिक घरावर पुढे भांडण होतं आणि त्यात बिचारा राहणारा भरडला जातो. देवाची खोली आणि गणपतीचे दिवस यांचंही करारात स्पष्ट लिहा, म्हणजे भाद्रपदात तुमचीही अडचण नाही आणि त्यांचीही नाही. यंदा गणपतीला तिघे भाऊ एकत्र येणारच असाल, तर मसुदा आधी तयार करून सोबत घेऊन जा.