येसरापासून सुरुवात कर

पोरी, लेकरू सांभाळून स्वयंपाकात काय करू, असं विचारलंस ना? 19व्या वर्षी कडेवर लेकरू आणि मन चुलीपाशी, हे मी स्वतः भोगलंय. म्हणून सांगते, रोज नवा पदार्थ करायच्या मागे लागू नकोस. येसर कर, म्हणजे आमटीला लावायचं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुकं खोबरं, मिरची, सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाज. एकत्र टाकलंस तर डाळ कच्ची राहते नि खोबरं करपतं. पूर्ण गार झाल्यावरच दळ, नाहीतर वाफ धरते. बाळ झोपलं की आज डाळ, उद्या धणे, असं जमतं. मध्येच रडलं तर गॅस बंद कर, काही बिघडत नाही. पुरणाचं तसं नसतं गं.

मिरची भाजताना बाळ त्या खोलीत नको, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय त्याला घेऊ नकोस. पहिले 6 महिने त्याला अंगावरचंच दूध, म्हणून तू पोटभर जेव. सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं नव्हे! तुझ्या सासूबाईंशी मी बोलते.

विकायचं मनात असेल तर आधी बचत गटातल्या बायांना पाव-पाव किलो चाखायला दे. मग विकायच्या आधी अन्नसुरक्षेची (FSSAI) नोंदणी करून घे. आणि बारावी राहिलीय ना? 17 नंबरचा फॉर्म भर, बाहेरून परीक्षा देता येते.