मार्शल जेटीएम ४५ या गिटार ॲम्पच्या सर्किटच्या नकाशावरून बेस गिटारसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प बांधला तर नवरात्रीत स्टेजवर पुरेल का? व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर गावातच गुंडाळून घेऊ का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: पाठीमागे ठेवून स्वतःला ऐकण्यापुरता पुरेल, मैदानात नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबेल. तसाच गावात गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर मला माझ्याच मावसभावाच्या ग्रुपमधून बाहेर घेऊन गेला होता.

तुम्ही निवडलेला नकाशा वाईट नाही. तो मुळात बेसचाच आहे. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि १९५२ मध्ये त्याच्या जोडीला बासमन ॲम्प आणला. तो गिटारवाल्यांनी पळवला, आणि १९६२ मध्ये लंडनला मार्शलच्या दुकानात पहिला ॲम्प बांधला गेला तो बासमनच्याच नकाशावर. त्यामुळे कुठला कपॅसिटर ०.०२२ आणि कुठला ०.१ यावर रात्री जागवू नका. नकाशाचे प्रश्न त्या लोकांनी कधीच सोडवून ठेवलेत. तुमचा प्रश्न लोखंडाचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा आहे. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झ, बेसची ४१. तेवढ्याच व्होल्टेजला फ्रिक्वेन्सी अर्धी झाली की कोअरमधला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातला, चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. म्हणून गिटारच्या ५० वॅटला जो आउटपुट ट्रान्सफॉर्मर छान चालतो, तोच बेसला खालच्या सुरांवर गुदमरतो.

हे सगळं मला सात वर्षांपूर्वीसुद्धा पाठ होतं. तरी फसलो.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. ग्रुप मावसभावाचा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. दादा कीबोर्डवर, दोन गायिका, दोन ढोल, एक ऑक्टोपॅड आणि बेसवर मी. गणपतीत मंडळांसमोर ऑर्केस्ट्रा, नवरात्रीत नऊ रात्री गरबा. तोवर माझा बेस सरळ मिक्सरमध्ये जायचा आणि मला स्वतःला कधीच ऐकू यायचा नाही, कारण मॉनिटरमध्ये फक्त गायिका. बोटं काय करतायत ते तारेच्या थरथरीवरून ओळखायचो. नऊ वर्षं असा वाजवला मी. मग एका उन्हाळ्यात ठरवलं, आपला ॲम्प आपल्या पाठीशी हवा.

ताकदीचे व्हॉल्व्ह चार ईएल ३४, एचटी (व्हॉल्व्हना मिळणारा उच्च डीसी) ४५० व्होल्ट, म्हणजे साधारण १०० वॅट. पुढचे छोटे व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, जुन्या स्टॉकमधले, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळाले, ते अजून चालू आहेत. बडोदा हे ट्रान्सफॉर्मरचं गाव, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला ना कुणाला त्यातलं कळतंच, त्यामुळे मेन्स ट्रान्सफॉर्मर सहज झाला. आउटपुटचा मात्र मी रावपुऱ्यातल्या एका काकांकडे दिला. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या जमान्यातले, हात अतिशय सफाईदार. मी कागदावर लिहून दिलं: प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) २००० ओहम, मधोमध सेंटर टॅप, सेकंडरी (स्पीकरकडची) ८ ओहम, ४१ हर्ट्झला १०० वॅट. काकांनी प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक घातले, कोअरला मधल्या जिभेशी ४५ मिलिमीटरचं स्टॅम्पिंग, म्हणजे कापलेले पत्रे, वापरलं, वजन पाच किलो भरलं. वजन हातात घेतल्यावरच मला वाटलं, झालं काम.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा इंची स्पीकर लावून वाजवला तेव्हा भांड्यांची मांडणी हलली. आईने येऊन नुसतं बघितलं. इथे मी पहिली चूक केली आणि तुम्ही ती करू नका: खोलीत बेस तपासायचा नसतो. भिंती आणि कोपरे खालचे सूर फुगवून देतात. मैदानात भिंत नसते, छत नसतं, ॲम्पच्या पोटात जेवढं आहे तेवढंच बाहेर येतं.

नवरात्रीच्या पहिल्या दोन रात्री मला काहीतरी खटकत होतं. वरच्या तारा गोल, भरलेल्या, अगदी हव्या तशा. जाड तारेवर गेलो की आवाज कागदासारखा. मी व्हॉल्यूम चारवरून सहावर, सहावरून आठवर नेला. तिसऱ्या रात्री आरतीनंतरचा फेरा पांढरी तीनमध्ये होता. पांढरी तीन म्हणजे माझी जाड तार उघडी, फेराभर तीच. हींच हा गरब्याचा ठेका चालू, वेग चढलेला, आणि पंचवीस मिनिटांनी मी मागे बघतो तर दोन व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटा लालभडक. स्टँडबायच्या बटणापर्यंत हात जाण्याआधी एचटीचा फ्यूज गेला.

गरबा थांबवता येत नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताला बेसचा आवाज लावला आणि वाजवायला लागला. पुढची वीस मिनिटं मी हातात गिटार धरून उभा. गोलातल्या कुणालाही काही कळलं नाही, हे मी मान्य करतो. फेरा संपल्यावर मोठ्या ढोलवाल्याने वळून विचारलं, "बेस क्यां गयो?"

दादा वीस मिनिटं बेस वाजवत होता, आणि त्याच्यापासून चार हातांवर उभ्या माणसाला बेस गेलाय असं वाटत होतं. हे वाक्य मी आजवर विसरलो नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिशेब झाला. दादाने मला तीन रात्रींचे पैसे दिले, त्याचं काही नाही. पण म्हणाला, "लोकांना बेस ऐकूच येत नाही रे. ढोल ऐकू येतो. पुढच्या वर्षी डाव्या हाताने भागवू." मावशीच्या घरात, सगळ्यांसमोर.

दिवाळी झाल्यावर ॲम्प उघडला. जी तपासणी बांधण्याआधी करायला हवी होती ती तेव्हा केली, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. ट्रान्सफॉर्मर सर्किटमधून सोडवा. सेकंडरी मोकळी ठेवा. प्रायमरीच्या दोन बाहेरच्या टोकांना सीरिज बल्बमधून घरातले २३० व्होल्ट द्या आणि किती करंट जातो ते एसी मिलिअँपवर बघा. सेंटर टॅपच्या टोकाला टेप लावा, तिथेही शंभराहून जास्त व्होल्ट असतात. सोबत सेकंडरीचे व्होल्ट मोजा. २००० ला ८ ओहम म्हणजे व्होल्टेजचं गुणोत्तर साधारण १६ ला १ यायला हवं, म्हणजे साडेचौदा व्होल्टच्या आसपास. माझं गुणोत्तर बरोबर आलं. करंट आला ११५ मिलिअँप. इतक्या मोठ्या कोअरला तो दहा-पंधराच्या घरात असायला हवा. हिशेब मांडला तर प्रायमरीचा इंडक्टन्स जेमतेम सहा हेन्री. म्हणजे ४१ हर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (एसीला होणारा अडथळा) सोळाशे ओहम, २००० ओहमच्या लोडपेक्षाही कमी. लोडला जायचा त्याहून जास्त करंट कोअरला चुंबक करण्यातच चालला होता. म्हणून जाड तार पातळ, आणि म्हणूनच प्लेटा लाल.

हॉट एअरने वार्निश मऊ करून स्टॅम्पिंग काढलं. सगळे ई आकाराचे पत्रे एका बाजूने, सगळे आय आकाराचे दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये नीट कापलेली कागदाची पट्टी. गॅप.

रेडिओच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हा गॅप लागतोच. तिथे एकच व्हॉल्व्ह असतो, त्याचा डीसी सतत एकाच दिशेने वाहतो आणि गॅप नसेल तर कोअर त्यानेच भरून जातो. आपल्या ॲम्पसारख्या पुश-पुलमध्ये व्हॉल्व्ह जोडीने आळीपाळीने काम करतात, आणि दोन्ही बाजूंचा डीसी एकमेकांना कापतो. गॅपची गरज नसते, उलट तो इंडक्टन्स खाऊन टाकतो. काकांनी आयुष्यभर जे बरोबर केलं तेच इथेही केलं होतं, आणि मी कागदावर ओहम लिहिले पण स्टॅम्पिंग कसं भरायचं ते लिहिलं नाही. ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो तेव्हा काका आधी चिडले, मग पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले. दोन संध्याकाळी बसून त्यांनी स्वतः ते पुन्हा भरलं, एक ई इकडून, एक तिकडून, आणि पैसे घेतले नाहीत. तीच तार, तेच लोखंड. करंट १२ मिलिअँपवर आला. त्या रात्री जाड तार वाजवली आणि पहिल्यांदा मला माझा बेस पोटात ऐकू आला.

तर, गावात गुंडाळून घ्या, जरूर घ्या. बाहेरून मागवण्यापेक्षा समोर बसून करून घेतलेलं बरं. पण लिहून द्या: पुश-पुल, गॅप नको, स्टॅम्पिंग एकाआड एक, पत्रा सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरचं खास सिलिकॉन पोलाद). आणि करंट मोजल्याशिवाय वार्निश करू देऊ नका.

वॅटचं थोडक्यात. ४५ आणि १०० वॅटमध्ये कानाला फरक साडेतीन डेसिबलचा, म्हणजे फार नाही. पण बेसला स्वच्छ राहायला जागा लागते, म्हणून अँपेगने १९६९ मध्ये एसव्हीटी काढला तो ३०० वॅटचा. हॉलमध्ये छोटा कार्यक्रम असेल तर १०० वॅट आणि चांगला पंधरा इंची पुरतो. गरब्याच्या मैदानावर लोकांपर्यंत बेस पीएनेच, म्हणजे मैदानातल्या मोठ्या स्पीकरनेच जाणार, ॲम्पमधून एक लाइन मिक्सरला द्या. ॲम्प तुमच्यासाठी आणि ढोलवाल्यासाठी.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. गॅप नसलेला कोअर डीसीचा फरक सहन करत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह जुळवलेल्या जोडीतच घ्या आणि प्रत्येक कॅथोडला एक ओहमची रेझिस्टन्स टाकून बायस (सूर नसताना व्हॉल्व्हमधून जाणारा करंट) वेगवेगळा मोजा. ४५० व्होल्टला मी ३५ मिलिअँप ठेवतो, ३९ च्या वर जाऊ नका. जनरेटर २५० व्होल्ट देत असेल तर एचटी ४९० च्या जवळ जाते, म्हणून बायस त्या रात्री स्टेजवर पुन्हा बघा. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधी चालू करू नका. मंडपात अर्थिंग असतंच असं समजू नका. स्वतः मीटरने बघा, नाहीतर माइकला ओठ लागल्यावर गायिकेला कळतं. आणि बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज राहतं. रेझिस्टन्सने उतरवा, मीटरने शून्य बघा, मगच हात घाला. बॅटरीवरचं इफेक्ट पेडल बनवणं आणि हे यात खूप अंतर आहे. आधी कुणा जाणत्याच्या शेजारी बसून एक तरी व्हॉल्व्हचा सेट उघडा. येत्या नवरात्रीची घाई असेल तर यंदा बांधू नका.

आता डाव्या हाताचं. तुमच्याही ग्रुपमध्ये हे कुणीतरी म्हणणार आहे, कारण एका माणसाचे पैसे वाचतात. दादाचा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा सूर त्याला जास्त कळतात. पण कीबोर्डवर शहनाईचा किंवा बासरीचा पीस आला की मींड घ्यायला पिच-बेंडचं चाक लागतं, आणि ते डाव्या हाताखाली असतं. म्हणजे जिथे गायिका थांबते आणि गाणं नुसत्या वाद्यांवर उभं असतं, नेमका तिथेच बेस गळतो. शिवाय हींचमध्ये ढोलाची घूम जिथे पडते तिथे बेसने तार दाबून गप्प बसायचं असतं. कीबोर्डचा बेस दाबला की वाजतो, सोडला की तुटतो, तो बसत नाही. म्हणून ढोलवाल्याला तो बेस वाटला नाही. मी तेव्हा मावशीच्या घरात हे बोलू शकलो नाही, कारण माझा ॲम्प जळाला होता आणि जळालेल्या ॲम्पच्या माणसाचं कुणी ऐकत नाही. ॲम्प जळाला तो कागदाच्या पट्टीने. बेस नको हे त्यातून सिद्ध होत नव्हतं.

त्यानंतर मी दुसऱ्या ग्रुपबरोबर वाजवतो. तोच ॲम्प, तोच ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह एकदा बदललेत. पांढरी तीनचा फेरा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो. तुमचा कीबोर्डवाला डाव्या हाताचं बोलला तर वाद घालू नका, त्याला मींड घेऊन शहनाईचा पीस वाजवायला सांगा आणि ढोलवाल्याला शेजारी उभं करा.