भावाला ट्रक ड्रायव्हर व्हायचंय. हेवी लायसन कसं निघतं आणि कोणते नियम खरंच अंगाशी येतात?

तुम्ही लिहिलंय की धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे, कारचं लायसन निघून आठ महिने झालेत, आणि गावातला एजंट म्हणतोय, "पंधरा हजार द्या, महिन्याभरात हेवी हातात ठेवतो." हे खरं का, नियम काय आणि धंद्यात धोका किती, असं तुमचं विचारणं आहे. मी बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. कराडला एका शेठच्या सहा टायरच्या ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केली, आता कर्जावर घेतलेली स्वतःची गाडी आहे. बहुतेक फेऱ्या साखरेच्या, कराडहून न्हावाशेवा बंदराला. तेव्हा जे सांगतोय ते त्याच रस्त्यावरचं आहे.

एजंटाला चहा पाजून वाटेला लावा. मोटार वाहन कायद्यात (१९८८ चा) अवजड गाडीसाठी दोन साध्या अटी आहेत: वय वीस पूर्ण पाहिजे, आणि हलक्या वाहनाचं म्हणजे एलएमव्ही लायसन हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं पाहिजे. त्याशिवाय शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. तुमचा भाऊ आज दोन्हींत बसत नाही. मग महिन्याभरात हेवी देणारा माणूस एकतर तुम्हाला फसवतोय, नाहीतर कागदात काहीतरी खोटं घालणार आहे. खोटा कागद रोजच्या तपासणीत एखादवेळेस खपून जातो. अपघात झाला की मात्र तोच कागद वकील आणि विमा कंपनी भिंगातून बघतात.

लायसनला वर्ष भरलं आणि वीस पूर्ण झालं (नुसतं विसावं लागून चालत नाही), की सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा. डॉक्टरकडून फॉर्म १-ए भरून घ्यायचा. त्यात नजर, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, ऐकू नीट येतं का, हे बघतात. बरेच डॉक्टर न बघताच सही ठोकतात. तुम्ही मात्र डोळे खरोखर तपासून घ्या, रात्रीची गाडी चालवायची आहे. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, म्हणजे शिकल्याचा दाखला, लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पक्की टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. भाऊ शाळा सोडून बसला असेल तरी त्यासाठी अडायचं कारण नाही. सरकारी फी किरकोळ आहे. पैसे जातात ते ड्रायव्हिंग स्कूलचे, आणि ते द्यावेत, फक्त खरोखर ट्रकवर बसवणारं स्कूल शोधा. नुसता फॉर्म विकणारी दुकानं प्रत्येक आरटीओच्या समोर आहेत.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गाडीचं भरलेलं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेल, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, तर भाड्याच्या गाडीलाही एलएमव्ही लायसन चालतं. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये हे सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायम केलं. माझं मत विचाराल तर वीस पूर्ण झाल्यावर आधी वर्षभर पिकअप मारू द्या. मंडईतल्या गल्लीत गाडी रिव्हर्स घेता आली की पुढं पुष्कळ सोपं जातं.

हेवी लायसन आता पाच वर्षं चालतं, आधी तीन होतं. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. म्हणजे आज संपलं तर उद्या तुम्ही विनालायसन. वर्षाच्या वर राहिलं तर टेस्ट पुन्हा. माझ्या ओळखीच्या एका ड्रायव्हरचं लायसन संपून बारा दिवस झाले होते आणि त्याच्या गाडीला मोटारसायकलवाला धडकला. चूक कुणाची ते नंतरचं, पण विमा कंपनीनं जखमीला पैसे दिले आणि तेच पैसे मालकाकडून वसूल केले. मालकानं ड्रायव्हरला घरी बसवलं. बारा दिवसांपायी.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते. गाडी शेठची असते, माल व्यापाऱ्याचा असतो, पण लायसनवर फोटो तुमच्या भावाचा असतो. जो नियम मोडायला दुसरा कुणीतरी सांगतो, तो मोडल्याबद्दल चाकामागं बसलेला माणूस धरला जातो. म्हणून चालवायला शिकण्याच्या आधी 'नाही' म्हणायला शिकलं पाहिजे, आणि ते कुठलंच ड्रायव्हिंग स्कूल शिकवत नाही.

सगळ्यात जास्त वेळा 'नाही' लागतं ते वजनाला. मी नवा ड्रायव्हर होतो तेव्हाची गोष्ट. सहा टायरचं पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर वजन, १६ टन २०० किलो होतं, आणि वजनकाट्यावर आकडा आला एकवीसच्या वर. मी शेठला बूथवरून फोन लावला. पलीकडून एकच वाक्य आलं: "सगळेच भरतात, तू काय नवा नवरा आहेस का?" निघालो. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की एस वळण लागायचं. तिथं स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीनं ते ऐकलंच नाही. म्हणजे पुढची चाकं वळली, पण मागचा बोजा सरळ जायचं म्हणत होता. हौद्यातून पोती सरकल्याचा आवाज आला, जड, ओल्या वाळूवर काहीतरी ओढल्यासारखा. डाव्या बाजूची चाकं किती उचलली गेली ते मला दिसलं नाही, मागच्या टेम्पोवाल्यानं सांगितलं. खाली उतरून गाडीला टेकलो, तेव्हा पाय लटलट कापत होते. त्या फेरीचा भत्ता मी घेतला आणि ती नोकरी सोडली.

जुलै २०१८ मध्ये सरकारनं वजनाची मर्यादाच वाढवली. दहा टायरला एकूण २५ टनांवरून साडेअठ्ठावीस, मोठ्या ट्रेलरला ४९ वरून ५५. तरीही ओव्हरलोड थांबलेलं नाही. दंड बघा: वीस हजार सरसकट, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. दहा टायर काट्यावर साडेतेहेतीस भरली तर पाच टन जादा, म्हणजे तीस हजार. जादा माल तिथंच उतरवायचा, त्याची हमाली वेगळी, आणि उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. काट्यावर गाडी घ्यायलाच नकार दिला तर चाळीस हजार. हा दंड शेठ भरेलही. पण ओव्हरलोड, मालगाडीत माणसं बसवणं, दारू, चालवताना मोबाईल, या गोष्टींसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करावं असं सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ सालीच राज्यांना सांगितलंय. ते तीन महिने शेठ तुमच्या घरी किराणा भरत नाही. भावाला सांगा, माल भरला की काटा पावती स्वतःच्या खिशात. पावती देत नसतील तर गाडी सुरू करायची नाही.

दुसरं 'नाही' झोपेचं. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती घालून दिली होती; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आलीय. हे वाचून माझ्या ओळखीतले सगळे ड्रायव्हर हसतील. बंदराच्या गेटवर रांगेत गेलेले नऊ तास 'आराम' धरले जातात आणि गेट पास झालं की फोन येतो, सकाळी परत भरायला ये. मी स्वतःपुरता नियम केलाय: रात्री दोन ते पाच गाडी उभी. हा नियम शहाणपणातून आलेला नाही. एकदा खेड शिवापूरचा टोलनाका मी दोनदा बघितला. पहिल्यांदा लांबून दिवे दिसले, मग एकदम पुढ्यात दिवे. मधला रस्ता माझ्याकडं नाहीच. डोळे उघडेच होते, असं मी शपथेवर सांगितलं असतं. तंबाखू, चहा, खिडकी उघडी ठेवणं, मोठ्यानं गाणी, सगळं करून झालंय; झोपेला झोपच लागते. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. काही जुने ड्रायव्हर म्हणतात एसीनं झोप येईल. मला उलट वाटतं. मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेवर बसून जो थकवा येतो, तो ज्यानं काढलाय त्याला विचारा.

तिसरं घाटाचं, आणि इथं दबाव शेठचा कमी, स्वतःच्या हावेचा जास्त असतो. नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. दोन लिटर डिझेल वाचवायला लोक गाडी न्यूट्रल करतात, काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. हवा भरायची थांबली, आणि आपले ब्रेक हवेवर चालतात. न्यूट्रलला इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात, करपल्याचा वास येतो, आणि मग पॅडल दाबलं तरी गाडी धरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या उतारावर एका अवजड गाडीनं डझनावारी गाड्या चेपल्या. बातम्या तुम्हीही पाहिल्या असतील. 'ब्रेक फेल' असं पेपरात छापून येतं तेव्हा मी मनात विचारतो, फेल झाला की केला? माझा वस्ताद म्हणायचा, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. बोरघाटात मी आजही तसंच करतो. मागचे कारवाले हॉर्न मारतात, मारू देत. उतरण्याआधी हवेचा काटा बघायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायचा, डावी लेन सोडायची नाही. आणि चाकं तापली तर बाजूला उभं राहायचं, पण ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडकतो.

वेगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रकला वेग अडवणारा गव्हर्नर असतो, ताशी ८० किलोमीटरला अडतो. टँकर आणि डंपरला ६०. त्याची तार काढून देणारे मेकॅनिक भेटतील, त्यांच्या नादी लागू नये. एक्सप्रेसवेवर आता कॅमेरे आहेत, लेन सोडली की चलान थेट मोबाईलवर येतं.

अपघात झाला तर काय, हे भावाला आधीच शांतपणे समजावून ठेवा, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. मोटार वाहन कायदा म्हणतो जखमीला उपचार मिळतील असं बघा, जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत कळवा, विमा कंपनीला कळवा. गंमत म्हणजे जमाव खवळलेला असेल तर थांबणं शक्य नसतं, हे त्याच कलमात लिहिलंय. कायदा लिहिणाऱ्यालाही आपले रस्ते माहीत होते. नव्या न्याय संहितेत न कळवता पळून जाण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली, त्यावरून जानेवारी २०२४ मध्ये संप झाला, मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोचे टँकर थांबले आणि पंपांवर रांगा लागल्या. ते पोटकलम अजून लागू केलेलं नाही, पण निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंतचं कलम आहेच. मार खायची भीती असेल तर गाडी सोडून थेट पोलीस ठाण्यात जावं. वाडीवर पळून नातेवाइकाकडं लपू नये.

कागदांचं सोपं झालंय. आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी डिजिलॉकरवर दाखवले तरी चालतात. नव्या ट्रकचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. गाडीला हात लावण्याआधी या तारखा स्वतः बघायच्या, शेठच्या तोंडावर विश्वास नको. पेट्रोल, गॅस, केमिकलच्या गाडीला लायसनवर वेगळी नोंद आणि तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं. पैसे बरे मिळतात, पण तिथं चार-पाच वर्षांच्या अनुभवानंतरच जावं.

आणखी एक किरकोळ, पण मला याचा फार राग आहे. रस्त्यात टायर बदलताना चाकाला दगड लावतात, काम झालं की गाडी घेऊन निघून जातात, दगड तिथंच. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. इशाऱ्याचा त्रिकोण ठेवायचा, आणि निघताना आपले दगड आपण उचलायचे.

मधल्या वर्षाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तोच खरा प्रश्न आहे. त्याला एखाद्या चांगल्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर म्हणून पाठवा. दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू होतात तेव्हा आमच्याकडं सगळ्यांनाच माणसं लागतात. पहिले तीन महिने ताडपत्री बांधणं, दोर आवळणं, टायरवर हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखणं, आणि मागून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत गाडी लावून घेणं. स्टिअरिंग मागायचं नाही. पोरगं तीन महिन्यांत पळून आलं तर पंधरा हजार वाचले असं समजा.