कॉम्प्युटरचा पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच?
मग विंडोज पुन्हा टाकायच्या फंदात पडू नकोस, मशीन तिथवर पोचतच नाहीये. आधी प्लग काढ आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धर. मग रॅम (मेमरीचं लांबट कार्ड) काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पूस, भुगा झटक, आणि खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत नीट दाबून बसव. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघ. पावसाळ्यात बरीच दुखणी इथेच बरी होतात. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदल, महाग नसतो. तरी नाहीच जमलं तर ओळखीतल्या कुणाचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लावून बघ. तो खोलायचा मात्र नाही हं, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरचा झटका बसू शकतो.