‘व्हिसाचं कंपनी बघतेय’ म्हणणाऱ्या तुला

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा मेल दोनदा वाचला. जर्मनीची ऑफर हातात आली, जपानच्या कंपनीशी शेवटची फेरी बाकी आहे, हे वाचून मन भरून आलं. पण अगदी शेवटच्या ओळीवर मी अडले. ‘व्हिसाचं सगळं कंपनी बघतेय, मला फक्त सह्या करायच्यात.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे.

मीही असंच म्हणायचे. पहिल्यांदा परदेशी नोकरीला गेले तेव्हा कंपनीच्या वकिलाने पाठवलेल्या प्रत्येक कागदावर सही केली आणि एकाचीही प्रत जवळ ठेवली नाही. आठव्या महिन्यात आमचा विभाग बंद झाला. शुक्रवारी दुपारी सांगितलं, सोमवारपासून यायचं नाही. नोकरी गेल्याचं वाईट वाटायलाही त्या संध्याकाळी सवड नव्हती. डोक्यात एकच प्रश्न: आता या देशात मला किती दिवस राहता येईल? आपल्या परवान्यावर कंपनीचं नाव छापलेलं आहे, हे मी त्या रात्री पहिल्यांदा वाचलं. अर्जाच्या प्रती ज्याच्याकडे मागायच्या, तो माणूसही नोकरी गेलेल्यांतच होता. पुढे दुसरी नोकरी मिळाली, निभावलं. पण ते आठवडे मी विसरलेले नाही. तुझ्यावर तशी संध्याकाळ आलीच, तर त्या प्रश्नाचं उत्तर तुला आधीपासून पाठ असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आधी व्हिसा आणि रहिवासी परवाना या दोन गोष्टी मनात वेगळ्या कर. व्हिसावर तू सीमेपर्यंत पोचतेस आणि आत जातेस. तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच कागदावर असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते. अमेरिकेत पासपोर्टवरच्या व्हिसाला एक तारीख असते आणि राहण्याची मुदत आय-९४ नावाच्या नोंदीत असते. माझ्या एका सहकाऱ्याचा पासपोर्ट लवकर संपणार होता, म्हणून अधिकाऱ्याने त्याची आय-९४ तेवढ्याच तारखेपर्यंत दिली. तो मात्र व्हिसावरची तारीख बघून निर्धास्त होता. मुदत संपायला तीन आठवडे उरले असताना कुणाच्या तरी लक्षात आलं आणि मग जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिली. कॅनडातही वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडचं देत नाहीत. तेव्हा तुझ्या पासपोर्टची किती वर्षं उरलीत ते आजच बघ. दोन-अडीच वर्षांच्या आत संपत असेल तर कुठलाही अर्ज करण्याआधी नवा काढ.

आता तुझ्यासमोरचे दोन देश. दोन्हीकडे कागद जवळपास तेच लागतात, पण कोणता टप्पा कधी येतो यात मोठा फरक आहे. जपानमध्ये खरी तपासणी तू निघण्याआधीच होते. कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते आणि ‘सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी’ मिळवते. त्याला सहसा एक ते तीन महिने लागतात. ते हाती आलं की वकिलातीतला व्हिसा तुलनेने सोपा. पण ते प्रमाणपत्र मिळालेल्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये पोचावं लागतं, म्हणून इथली नोकरी सोडण्याचा हिशेब त्या तारखेवरून कर. नारिता, हानेदा, कानसाईसारख्या मोठ्या विमानतळावर उतरलीस की रेसिडन्स कार्ड तिथेच हातात देतात. घर ठरल्यापासून १४ दिवसांत पत्ता महापालिकेत नोंदवायचा आणि ते कार्ड कायम जवळ बाळगायचं.

जर्मनीत उलट आहे. तू जाशील तो ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा काही महिन्यांचा, फार तर वर्षाचा असतो. खरा परवाना, म्हणजे तुझ्या बाबतीत उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचं ब्लू कार्ड, तिथे पोचल्यावर आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात मिळतो. मोठ्या शहरांत त्या कार्यालयाची वेळ मिळणं हेच एक काम होऊन बसतं. म्हणून पोचलीस की पहिल्याच आठवड्यात वेळ मागायला लाग. व्हिसा संपण्याआधी अर्ज पोचला असेल तर निर्णय लागेपर्यंत तुझा हक्क चालू राहतो आणि तसं लिहिलेलं ‘फिक्टिऑन्सबेशायनिगुंग’ नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन देशाबाहेर जायचं असेल तर त्यावर कोणत्या कलमाची खूण आहे ते आधी बघ. तिथल्या रहिवास कायद्याच्या कलम ८१ मधलं चौथं पोटकलम असेल तर परत येता येतं, तिसरं असेल तर येत नाही. ही एक खूण न बघता सुट्टीवर गेलेले लोक बाहेर अडकतात.

या सगळ्याच्या आधी घराचा प्रश्न येतो आणि नवी मुलं नेमकी इथेच फसतात. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’ करावी लागते. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. ऑनलाइन मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या कित्येक जागांचे मालक तो द्यायला तयार नसतात. नोंदणी नाही तर टॅक्स आयडी वेळेवर येत नाही, बँकेत अडचण येते आणि परवान्याची फाइल पुढे सरकत नाही. तेव्हा जागा बघताना भाडं विचारण्याआधी हे विचार: इथे पत्त्याची नोंदणी करता येईल का? उत्तर लेखी घे. कंपनी राहण्याची सोय करतेय म्हणालीस, मग हा प्रश्न त्यांनाही विचार.

तुझ्या पदवीबद्दल. जर्मनीत ‘अनाबिन’ नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात तुझं विद्यापीठ आणि तुझी पदवी दोन्ही शोध, कारण नुसतं विद्यापीठ सापडून भागत नाही. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ ही मान्यतेची खूण हवी आणि पदवी तिथल्या पदवीच्या तोडीची मानलेली हवी. सापडलं तर ती पानं छापून अर्जाला जोड. नाही सापडलं तर झेडएबी या संस्थेकडून पदवीची तुलना करून देणारं प्रमाणपत्र मागवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. हे काम कंपनीची एचआर तुझ्यासाठी करेल अशी आशा ठेवू नकोस. त्यांना ही गोष्ट आठवते ती अर्ज अडल्यावर. पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं तुझं नाव अक्षरशः तेच आहे ना, हेही आजच ताडून बघ. एका अक्षराचा फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेव.

पगाराचा आकडा हा ब्लू कार्डाचा कणा आहे. २०२५ साठी वर्षाला ४८,३०० युरोची किमान मर्यादा होती. तुटवडा असलेल्या व्यवसायांसाठी आणि गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांसाठी ती ४३,७५९.८० युरो. हे आकडे दर जानेवारीत बदलतात. म्हणजे डिसेंबरात बसणारा पगार जानेवारीत कमी पडू शकतो. तुझा करार मर्यादेच्या अगदी काठावर असेल तर कंपनीला थोडी वाढ मागायला संकोच करू नकोस, कारण ती वाढ त्यांनाही सोयीची आहे. आणि ‘कामगिरीनुसार बोनस’ मर्यादेत धरू नकोस, करारात हमीने लिहिलेला पगारच धर.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले तो भाग. तुझा हक्क कशाला बांधलेला आहे?

जपानचा ‘इंजिनीअर, मानव्यविद्या व आंतरराष्ट्रीय सेवा’ हा राहण्याचा दर्जा कामाच्या प्रकाराला बांधलेला असतो. त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलता येते, फक्त १४ दिवसांत कळवावं लागतं. पण सबळ कारणाशिवाय तीन महिने ते काम केलं नाही तर दर्जा रद्द होऊ शकतो. जर्मनीच्या ब्लू कार्डावर पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदललीस तर कार्यालय तो बदल ३० दिवस थांबवून तपासू शकतं आणि अटी बसत नसतील तर नाकारूही शकतं. नोकरी सुटली तर कळल्यापासून दोन आठवड्यांत त्यांना सांगणं तुझं कर्तव्य आहे. युरोपियन संघाच्या २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशानुसार कार्ड दोन वर्षांपेक्षा नवं असेल तर एकूण तीन महिन्यांपर्यंतची आणि त्याहून जुनं असेल तर सहा महिन्यांपर्यंतची बेकारी चालते. नोकरी सुटल्यावर अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावाल्यांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, ऑस्ट्रेलियात कंपनीने प्रायोजित केलेल्या व्हिसावाल्यांना १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस. हे आकडे शेजारी ठेवून बघ. पगाराच्या तक्त्यात हा फरक कधीच दिसत नाही, पण माणसाची झोप यावरच ठरते.

याला प्रोबेशन जोडून वाच. जर्मनीत प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. म्हणजे तू सर्वांत नवखी असतेस, भाषा येत नसते, परवाना कदाचित छापूनही आलेला नसतो, त्याच महिन्यांत तुझं पाऊल सर्वांत कच्च्या जमिनीवर असतं. म्हणून सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे तिथल्या खात्यात साठेपर्यंत मोठी खरेदी करू नकोस. आणि इथला राजीनामा व्हिसा पासपोर्टवर उमटल्याशिवाय देऊ नकोस, तिकडच्या मॅनेजरने कितीही घाई केली तरी. करारातली सुरुवातीची तारीख ‘व्हिसा मिळाल्यावर’ अशी करून घे. समंजस कंपनी याला नाही म्हणत नाही.

भाषेचं म्हणशील तर जर्मनी निवडलंस तर लगेच सुरू कर. ब्लू कार्डावर कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो, बी-वन, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी. तो मिळाला की नोकरी गेल्याने परवाना जाण्याची भीती उरत नाही. सहा महिने आधी ती मोकळीक मिळणं किती मोलाचं आहे, हे माझ्यासारखीला विचार.

लग्नाचा विषय तू मेलमध्ये हळूच काढलास, म्हणून सांगते. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मनीत आल्यावर काम करता येतं आणि येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही. जपानमध्ये आश्रित म्हणून आलेल्या जोडीदाराला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं. तुम्ही दोघं हे मोकळेपणाने बोला, कारण एकाचं करिअर थांबवून उभं केलेलं घर मी पाहिलं आहे.

दलालांबद्दल दोनच ओळी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं तत्त्व आहे की नोकरी लावून देण्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत. ‘व्हिसाची शंभर टक्के खात्री’ देणारा माणूस खोटं बोलतोय, कारण निर्णय त्याच्या हातात नसतोच. आणि तिथे पोचल्यावर कुणी ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून पासपोर्ट मागितला किंवा पहिल्यापेक्षा वेगळा करार पुढे सरकवला, तर सही करू नकोस आणि मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आज एक फोल्डर कर. त्यात पासपोर्टची सगळी पानं, पदव्या, अनुभवाची पत्रं, करार, आणि कंपनीचा वकील जे जे तुझ्या नावाने दाखल करेल त्याची प्रत टाक. वकील प्रत द्यायला कां-कूं करेल. सौजन्याने पण पुन्हा पुन्हा माग, ती माहिती तुझी आहे. अर्जात लिहिलेलं तुझं पद आणि ऑफर लेटरमधलं पद एकच आहे का, पगार एकच आहे का, पत्ता बरोबर आहे का, हे स्वतः वाच.

ऑफर लेटर आणि कराराचा मसुदा मला पाठव. जर्मन भाषेतला असेल तर इंग्रजी प्रत त्यांच्याकडून मागून घे आणि दोन्ही पाठव. रविवारी सकाळी मी मोकळी आहे. प्रोबेशन, नोटीस आणि सुरुवातीची तारीख, ही तीन कलमं आपण फोनवर बसून वाचू. तोवर कशावरही सही करू नकोस.

तुझी,
मावशी