रिटायर झालो, आता सकाळी उठून करायचं काय?

प्रश्न : नमस्कार ताई, मी तहसील ऑफिसात कारकून होतो, गेल्या वर्षी ५८ पूर्ण झाली आणि रिटायर झालो. नोकरीत रोज वैताग असायचा, कधी एकदा सुटतोय असं व्हायचं, आणि आता सुटलोय तर दिवस सरता सरत नाही. पेन्शन आहे, घर आहे, मुलगा पुण्यात सेटल आहे, तो म्हणतो बाबा आता एन्जॉय करा. म्हणजे नक्की काय करा? परवा बायकोचे मसाल्याचे डबे नीट लावून दिले तर म्हणाली मला माझंच काही सापडेना, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं इकिगाईचं (जपानी शब्द, म्हणजे जगण्याचं कारण) चित्र टाकलं होतं, चार गोल, आवडतं काय, जमतं काय, जगाला हवंय काय, पैसे कशाचे मिळतील. वही घेऊन बसलो, चारही गोल रिकामे. माझ्या जगण्याला आता काही उद्देश उरलाय का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : दादा, आधी ती वही मिटा बघू. ते चार गोलांचं चित्र मुळात जपानी नाहीच, २०१४ मध्ये मार्क विन नावाच्या ब्लॉगरनं दुसऱ्याच एका आकृतीवर इकिगाई असं नाव चिकटवलं आणि ते जगभर फिरलं. त्यातला पैशाचा गोल तर रिटायर माणसाला छळायलाच काढलाय असं वाटतं मला! जपानात या विषयावर मन लावून लिहिलं ते मिएको कामिया या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी, पुस्तक आलं १९६६ मध्ये, आणि त्या काम करायच्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत. आजार तोच, बेट तेच, तरी एकाला दिवस खायला उठतो आणि दुसरा कशात तरी रमलेला, हे कसं काय, याचा विचार त्या करत होत्या. आपल्याकडे बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, पुढे वरोऱ्याच्या आनंदवनात याच आजाराच्या लोकांनी माळरानावर शेती उभी केली. आधी उद्देश ठरवू मग उठू, असं म्हणत कुणी बसलं नव्हतं.

तुमच्या पत्रात मला एक गोष्ट दिसली. नोकरीचा वैताग होता म्हणता, पण तुमच्या टेबलापुढे कुणीतरी उभं असायचं, तुम्ही रजेवर असलात की त्याचा खोळंबा व्हायचा. ते गेलंय. पगार आणि साहेब गेल्याचं दुःख नाही हे. म्हणजे कुणीतरी परत तुमच्यासाठी खोळंबलं पाहिजे, बाकीचं आपोआप होतं.

आणि खोळंबलेली माणसं तुमच्या गल्लीतच आहेत. नवरा गेलेली बाई घ्या. जमीन त्याच्या नावावर, वारस नोंद केलेली नाही, मग पीककर्ज अडतं, नुकसानीचे पैसे अडतात. मृत्यूचा दाखला काढायचा, वारसांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यायची, तलाठ्याकडे अर्ज करायचा (खरं तर ३ महिन्यांच्या आत, पण घरात कुणी गेल्यावर हे सुचतं कुणाला), मग नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करणार तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव. त्यात आधारवर शांताबाई, रेशनकार्डावर शांता, आणि दाखल्यावर नवऱ्याचं नाव चुकलेलं. तुम्हाला हे झोपेत येतं. तिला हे म्हणजे चार हेलपाटे, बुडालेली मजुरी आणि एजंटाचे पैसे. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाचंही तसंच, वर्षाला २१ हजारांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला मिळवतानाच माणूस दमून जातो.

तेव्हा वाचनालयात नाहीतर देवळाच्या सभामंडपात मंगळवारी आणि शुक्रवारी १० ते १२ बसा. वार आणि वेळ ठरलेली पाहिजे, "कधीही या" म्हटलं की कुणी येत नाही, हा अनुभव आहे. पहिले काही आठवडे एकटेच बसाल, पेपर वाचा, पण उठू नका. ऑनलाइन अर्जाला कॉलेजचा एखादा पोरगा हाताशी धरा, त्यालाही चार गोष्टी कळतील. पैसे घ्यायचे नाहीत, आणि जुन्या ऑफिसात जाऊन "आपला माणूस आहे, जरा बघा" हेही नाही, नाहीतर महिन्याभरात तुम्हीच एजंट व्हाल.

वहिनींचं म्हणाल तर त्यांचं बरोबरच आहे हो. तुमच्या टेबलावरच्या फायली कुणी न विचारता लावल्या असत्या तर तुम्ही काय केलं असतं? डब्यांना हात लावू नका, त्यापेक्षा रोज एक काम पूर्ण तुमच्याकडे घ्या, भाजी आणण्यापासून निवडून ठेवण्यापर्यंत, आणि कशी आणायची यावर त्यांचं ऐका.

एक मात्र गंभीरपणे विचारते. झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय का? तसं असेल तर हे सगळं नंतर, आधी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, लाजायचं काही कारण नाही.

तसं नसेल तर सुरुवात नोव्हेंबरात करा, पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. तुमच्या आळीत ८० पुढचे कितीतरी जण असतील ज्यांना बँकेच्या पायऱ्या चढवत नाहीत आणि मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो हे माहीतच नाही. यादी करा, आणि डिसेंबरात मला कळवा किती जणांचे झाले.